बोनस मिळाला की नाही?

गावच्या जत्रेतली कबड्डी, पुतण्याच्या मोबाइलवरून लाइव्ह. गुण बरोबरीत, शेवटची चढाई, समोर सहा गडी. आमच्या गावचा पोरगा बोनस रेषेकडे पाय टाकतो न टाकतो, तोच मोबाइलवर ते गोल चक्र फिरायला लागलं. तिकडे जत्रेत रात्रीचे आठ, इकडे वुल्व्हरहॅम्प्टनला डिसेंबरातली अडीचची दुपार. ऑफिसच्या कँटीनमध्ये बोंबलताही येत नाही. पुतण्याला फोन लावला.

"काय व्हयनं रे?"

"काही नई काका."

"मंग गेम का बंद पडना?"

"फोन उना व्हता."

"कोना?"

"आजीना."

"काय म्हनी ऱ्हायनी?"

"काकाले लाइव्ह दखाय ऱ्हायनं का, असं इचारी ऱ्हायनी."

"मंग तू काय सांगं?"

"मस्त दखाय ऱ्हायनं, सांगं."

"आनि बोनस भेटना का नई?"

"मी आजीसंगे बोलत व्हतू ना काका!"

यावर काय बोलणार? आजीचा फोन उचलू नको, असं सांगायची आमच्या घरात कोणाची छाती नाही. म्हणून उपाय यंत्रातच शोधायला हवा. लाइव्ह ज्या मोबाइलवरून करायचं त्यात सिमकार्डच ठेवू नये. दुसऱ्या मोबाइलचं हॉटस्पॉट घ्यावं आणि आजीला त्या दुसऱ्यावर बोलू द्यावं. जत्रेत एका टॉवरवर सारा तालुका लटकलेला असतो, तेव्हा एचडीचा हट्टही सोडावा. ४८० वर चित्र जरा फिकं दिसेल, पण चालत राहील.

पण खरं दुखणं जागेचं. कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. बोनस रेषा 'निदान रेषे'च्या, म्हणजे चढाई करणाऱ्याला ओलांडावीच लागते त्या रेषेच्या, एक मीटर पुढे. आत सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस, आणि एक पाय रेषेपलीकडे टेकताना दुसरा हवेत हवा. हे दिसतं ते फक्त बाजूने. म्हणजे मोबाइल हवा मध्यरेषेच्या समोर, मैदानापासून नऊ-दहा मीटर मागे, आणि पुढच्यांच्या टोप्या वगळायच्या तर दहा फूट उंच. हॅलोजन चौकटीत आला की कॅमेरा घाबरून सगळं काळं करतो, म्हणून पडद्यावर बोट दाबून उजेड आधीच लॉक करावा. एवढं सगळं लिहून पाठवलं होतं. अंगठा आला. मोबाइल मात्र कोपऱ्यात, खुर्चीवर खुर्ची ठेवून, रुमालाने बांधलेला. बोनस रेषेच्या जागी पंचांची पाठ.

आवाजाचं तर विचारूच नका. भोंग्यावरचा निवेदक प्रत्येक पकडीला देणगीदाराचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव आणि ५०१ रुपये जाहीर करतो. ते संपेपर्यंत दोन चढाया उरकलेल्या असतात.

आणि हे सांगायचं कोणाला? शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्याला वाटतं, कबड्डीत श्वास कोंडून मरायचं असतं. अरे बाबा, चढाई तीस सेकंदांची, आणि तोंडाने 'कबड्डी कबड्डी' ऐकू यायला हवं. मार्च २०२५ मध्ये याच्याच शहरात विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, भारताने इंग्लंडला हरवलं. याला पत्ताच नाही.

त्याचं सोडा, तो परका. महाराष्ट्र मंडळातले एक गृहस्थ दर वेळी विचारतात, "जळगाव म्हणजे विदर्भात ना?" नाही हो! विदर्भात असतो तर निदान रणजी करंडक तरी मिरवला असता: २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. आम्ही महाराष्ट्राच्या संघात, ज्याने शेवटचा करंडक १९४०-४१ मध्ये उचलला. "मग पुणेरी पलटण धरा की," गृहस्थांचा सल्ला. धरतो. त्यांनी प्रो कबड्डी जिंकलीही आहे. पण त्या संघातल्या एकाच्याही बापाने आमच्या केळीच्या घडांचं वजन केलेलं नाही, त्याला काय करू?

अर्ध्या तासाने गावच्या ग्रुपवर फोटो पडायला लागले. दोन्ही संघ, दोन्ही संघांच्या हातात ढाली, दोन्हीकडे मधोमध तेच प्रमुख पाहुणे आणि तोच हार. मोठी ढाल कुठली, तेवढं पाहुण्यांच्या पोटामागे गेलेलं. "कोन जिकनं?" असं विचारलं, तर खाली एकोणीस जणांनी हात जोडले. पुतण्याला पुन्हा फोन केला.

"काका, आते पाहुनासनं भाषन चालू शे. लाइव्ह लावू का?"