दुसरे चॅनल आपोआप चालू होते म्हणून मॉड्यूल बदलावे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तिचा सारांश असा: हॉलच्या स्विचबोर्डामागे दोन चॅनलचा स्मार्ट रिले (मोबाइल अ‍ॅपवरून दोन उपकरणे वेगवेगळी चालू-बंद करणारे मॉड्यूल) बसवलेला आहे, पहिल्या चॅनलवर पंखा आणि दुसऱ्यावर एलईडी ट्यूबलाइट आहे, आणि ही ट्यूबलाइट रात्री-अपरात्री आपोआप लागते. फॅक्टरी रिसेटनंतर काही दिवस सारे सुरळीत चालले, मग दुखणे परतले. वायरमनने मॉड्यूल खराब असल्याचा निर्वाळा दिला. असे असताना ‘आधी स्विचची वायर तपासा’ असे सांगून माझा लेख सामान्य माणसाला विनाकारण बोर्ड उघडायला लावतो आणि ते धोक्याचे आहे, असा आपला आक्षेप आहे.

धोक्याचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सर्वांत गंभीर आहे आणि आपल्या दुखण्याचा एक धागाही त्यातच आहे. आपल्याकडील पुष्कळ घरांत एकाच बोर्डात मेन लाइन आणि इन्व्हर्टरची लाइन अशा दोन्ही आलेल्या असतात. एमसीबी खाली केल्यावर मेनची फेज जाते, पण त्याच क्षणी इन्व्हर्टर वीज गेली असे समजून आपली लाइन चालू करतो आणि बोर्ड जिवंतच राहतो. म्हणून एमसीबी आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करावेत, चालू सॉकेटवर आधी खात्री करून घेतलेल्या टेस्टरने प्रत्येक टर्मिनल पाहावे आणि मगच स्क्रूला हात लावावा. ज्यांना याची सवय नाही त्यांनी हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे. मात्र कोणती वायर सोडायची आणि त्यानंतर काय पाहायचे, हे ठरवण्यासाठी बोर्ड उघडावा लागत नाही.

हा बोर्ड इन्व्हर्टरवर असल्याचे आपण जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने आपल्या प्रतिक्रियेतले तेच सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. वीज गेली किंवा आली की चेंजओव्हरच्या, म्हणजे मेन आणि इन्व्हर्टर यांच्यातील अदलाबदलीच्या, वेळी पुरवठा क्षणभर खंडित होतो. पंखा आपल्या गतीने फिरत राहतो, त्यामुळे आपल्या ते लक्षातही येत नाही, पण मॉड्यूलमधला प्रोसेसर तेवढ्यात बंद पडून नव्याने सुरू होऊ शकतो. सुरू होताना प्रत्येक चॅनलने कोणत्या स्थितीत यायचे, म्हणजे चालू, बंद, आधी होते तसे की भिंतीवरच्या स्विचप्रमाणे, हे सेटिंग बहुतेक मॉड्यूलमध्ये चॅनलनिहाय वेगळे असते. त्यामुळे एकच चॅनल चालू झाले म्हणजे त्याचा रिले बिघडला, असे सिद्ध होत नाही. ट्यूबलाइट लागलेली आढळली की अ‍ॅपमध्ये किंवा मॉड्यूलच्या वेबपेजवर अपटाइम, म्हणजे मॉड्यूल न थांबता किती वेळ चालू आहे ते, पाहावा. तो दिवसांऐवजी काही मिनिटांचा किंवा तासांचा दिसला, तर मॉड्यूल रात्री रीस्टार्ट झाले होते. रिसेटने हे सेटिंग मूळ स्थितीला जाते, आणि ते पुन्हा भरेपर्यंत किंवा रात्री पुन्हा वीज जाईपर्यंत सारे ठीक वाटते. शिवाय त्यात मॉड्यूलमधल्या नोंदी पुसल्या जातात. म्हणूनच रिसेट हा पहिला उपाय म्हणून सांगण्यास माझा विरोध आहे.

अपटाइम अखंड असेल तर संशय एस२ या इनपुटवर, म्हणजे भिंतीवरच्या ट्यूबलाइटच्या स्विचची वायर मॉड्यूलला जेथे जोडतात त्या टर्मिनलवर, जातो. या इनपुटला जाणारा प्रवाह फारच थोडा असतो. त्यामुळे स्विचपासून येणारी वायर दुसऱ्या फेज वायरींसोबत एकाच पाइपातून लांबवर आली असेल, तर स्विच बंद असतानाही तिच्यावर प्रेरित व्होल्टेज येते आणि मॉड्यूल त्यालाच ‘स्विच दाबला’ असे समजू शकते. बारीक दिवा असलेले इंडिकेटर स्विचही हाच घोटाळा करतात, कारण स्विच बंद असताना त्या दिव्यातून थोडा प्रवाह पुढे जातो. परीक्षा सोपी आहे: पुरवठा बंद करून एस२ची वायर टर्मिनलमधून काढावी, टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळावी आणि काही रात्री ट्यूबलाइट फक्त अ‍ॅपवरून चालवावी. दुखणे थांबले, तर दोष वायरीत किंवा स्विचमध्ये आहे आणि साधा स्विच बसवून तो बऱ्याचदा जातो. अशा वेळी नवे मॉड्यूल आणणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. शेली प्लस २पीएम या मॉड्यूलच्या इनपुटला स्विचमधून फेज द्यावी लागते, तर सोनॉफ मिनीसारख्या मॉड्यूलच्या एस१-एस२ला फक्त एकाच स्विचची दोन कोरी (वीज न दिलेली) टोके जोडायची असतात. तेथे फेज दिली तर मॉड्यूल जळू शकते. एकाचा नकाशा पाहून दुसरे जोडू नये.

आता वायरमनच्या निदानाबद्दल. ते बरोबर असू शकते, पण ते कानाने तपासता येते. ट्यूबलाइट आपोआप लागताना भिंतीतून ‘टक्’ असा आवाज आला, तर रिलेने कोणाची तरी आज्ञा पाळली आहे. आज्ञा अ‍ॅपची, टायमरची, इनपुटची की रीस्टार्टची, हे शोधायला हवे. उलट अ‍ॅपवरून बंद करताना ‘टक्’ होते आणि ट्यूबलाइट तरीही पूर्ण उजेडात जळत राहते, तर रिलेमधले कॉन्टॅक्ट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे धातूचे तुकडे, बहुधा चिकटले आहेत आणि मॉड्यूल बदलावेच लागेल. एलईडीच्या ड्रायव्हरमधील कपॅसिटर चालू होताना क्षणमात्र नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतात. एका चॅनलवर असे बरेच दिवे असतील, तर वॅट कमी असूनही कॉन्टॅक्ट चिकटतात, आणि भार न विभागता बदललेले मॉड्यूलही त्याच वाटेने जाते.

पंखा बंद करतानाच ट्यूबलाइटची स्थिती बदलते का, हेही पाहावे. पंख्याची मोटर बंद होताना कॉन्टॅक्टवर ठिणगी उडते आणि त्या गडबडीत प्रोसेसर रीस्टार्ट होऊ शकतो. यासाठी ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहमचा, मेनच्या व्होल्टेजसाठी बनवलेला आरसी स्नबर (ठिणगी शमवणारी कपॅसिटर-रेझिस्टरची जोडी) पंख्याला समांतर जोडतात. तो रिलेच्या कॉन्टॅक्टला समांतर जोडू नये. २३० व्होल्टला त्यातून सुमारे ७ मिलिअँपिअर प्रवाह सतत वाहतो, आणि एलईडीच्या चॅनलवर तेवढ्यानेही दिवा मिणमिणत राहतो.

पुढच्या वेळी ट्यूबलाइट लागेल तेव्हा काहीही न बदलता अपटाइम टिपून ठेवावा, ‘टक्’ ऐकू आले का ते लिहावे, आणि दुसऱ्या चॅनलचे पॉवर-ऑन सेटिंग (वर सांगितलेले, सुरू होताना कोणत्या स्थितीत यायचे ते) काय आहे ते कळवावे. या तीन गोष्टी हाती आल्यावर एस२ची वायर सोडण्याची गरज आहे की नाही, हे मी आपल्याला सांगू शकेन. तोपर्यंत नवे मॉड्यूल घेऊ नये, अशी विनंती आहे.