जुना आय-सेव्हन, नवा आय-थ्री आणि मावशीचा फॉरवर्ड

परवा रात्री साडेअकराला डोंबिवलीच्या मावशीचा मेसेज आला. ‘वाच हे. काका शनिवारी कॉम्प्युटर आणायला जाणारेत. आता काय करायचं?’ खाली तो फॉरवर्ड, डोक्यावर दोन बाणांची खूण घेऊन.

तुमच्याकडेही आला असेल. ‘नवीन कॉम्प्युटर घेणाऱ्यांनी डोळे उघडून वाचा’ अशी सुरुवात, ‘एका मोठ्या कंपनीतल्या हार्डवेअर इंजिनिअरने सांगितलेलं’ असा बिननावाचा दाखला, आणि मग प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, बनवणाऱ्या इंटेल आणि एएमडी या दोन कंपन्यांबद्दल एकेक कलम. एएमडी ही चिनी कंपनी आहे आणि ती इंटेलची नक्कल करते. एएमडीचा प्रोसेसर एवढा तापतो की आपल्या उन्हाळ्यात वर्षभरात मदरबोर्ड जळतो, इंटेल मात्र कधीच बिघडत नाही. एएमडीवर इंजिनिअरिंगची सॉफ्टवेअरं चालत नाहीत. गिगाहर्ट्झचा, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांचा, आकडा ज्याचा मोठा तो वेगवान. आणि शेवटी ठळक अक्षरांत: नवा आय-थ्री घेऊन फसू नका, त्याहून कमी पैशात जुना आय-सेव्हन मिळतो, आणि आय-सेव्हन तो आय-सेव्हनच.

बाकीची कलमं मी हसून सोडून दिली असती. पण काकांनी शेवटचं वाचून एका दुकानदाराला साडेतेरा हजारांचा ‘आय-सेव्हन, फुल सेट’ बाजूला काढून ठेवायला सांगितलं होतं. मावसभाऊ यंदा इंजिनिअरिंगला गेलाय, त्याच्यासाठी. म्हणून आधी तेच घेतो.

काकांना म्हटलं, नुसतं आय-सेव्हन नको, पुढचा पूर्ण आकडा विचारा. तासाभराने उत्तर आलं: ३७७०. त्यातला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी. हा प्रोसेसर एप्रिल २०१२ मध्ये बाजारात आला. ज्याच्यासाठी घ्यायचाय तो मुलगा तेव्हा बालवाडीत होता.

आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन हे इंटेलच्या प्रोसेसरचे त्या त्या पिढीतले दर्जे आहेत, फर्स्ट क्लास आणि सेकंड क्लाससारखे. २०१२चा फर्स्ट क्लासचा पास दाखवून आज लोकलमध्ये बसा, टीसी काय म्हणतो ते बघा. एकाच पिढीत आय-सेव्हन आय-थ्रीपेक्षा सरस असतो, एवढं फॉरवर्डचं खरं आहे. पिढ्या ओलांडल्या की ते गणित कोसळतं.

आता हे दोघे शेजारी ठेवा. आय-सेव्हन ३७७०: चार कोर (काम करणारे भाग), आठ थ्रेड (एका वेळी हाताळायची कामं), मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झ. जानेवारी २०२२चा आय-थ्री १२१००: चार कोर, आठ थ्रेड, मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ. म्हणजे कागदावर जुनाच किंचित पुढे! पण वापरायला बसलात की नवा त्याला कितीतरी मागे टाकतो, कारण घड्याळाच्या एका ठोक्यात तो जास्त काम उरकतो. मधल्या दहा वर्षांत इंजिनिअर लोक हेच तर करत होते. त्यामुळे ‘गिगाहर्ट्झ मोठा तो वेगवान’ हे कलम इथल्या इथे निकालात निघालं. हवं तर पेंटियम ४ आठवा. इंटेलने त्यात वेगाचा आकडा वाढवायचाच ध्यास घेतला होता. २००४ मध्ये चार गिगाहर्ट्झच्या उंबरठ्यावर तो नाद सोडावा लागला, आणि २००६ मध्ये त्यांच्याच कोअर २ ड्युओने कमी गिगाहर्ट्झमध्ये पेंटियम ४ला धूळ चारली. तरी दुकानात अजून पहिला प्रश्न तोच असतो, ‘किती गिगाहर्ट्झ?’

आणि वेग तरी दुय्यम आहे. ३७७० सोबत जो मदरबोर्ड येतो त्यावर डीडीआर३ या जुन्या प्रकारची रॅम लागते, म्हणजे पुढे वाढवायची तर जुन्या बाजारात शोधा. आजच्या वेगवान डिस्कसाठी, म्हणजे एनव्हीएमई एसएसडीसाठी, त्या बोर्डांवर खाचच नसते. आणि खरी अडचण विंडोजची. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, सोबत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी निरोप दिला. घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेटची एक वर्षाची जादा मुदत आहे, ऑक्टोबर २०२६पर्यंत. मुलाचा कोर्स चार वर्षांचा. दुकानदार म्हणे, ‘आम्ही विंडोज ११ टाकून देतो, काळजी नको.’ टाकता येतं, खोटं नाही. पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि दुकानदाराची वॉरंटी सहा महिन्यांची. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) कुठला आहे विचारलं तर ‘चांगलाय साहेब’ एवढंच.

जुनी मशीन वाईटच असतात असं मी म्हणत नाही. आजोबांना भजनं ऐकायची असतील, सोसायटीची पत्रं टाइप करायची असतील, तर विंडोजऐवजी लिनक्स टाकून तो ३७७० अजून मजेत चालेल. पण पहिल्या वर्षाच्या मुलाच्या गळ्यात ‘आय-सेव्हन’ म्हणून तो बांधायचा आणि वर ‘नवा आय-थ्री घेऊन फसू नका’ म्हणायचं? असल्या फॉरवर्डचा फायदा कुणाला होतो ते मी सांगायला नको. जुना माल पडून असतो तो.

आता ‘चिनी कंपनी’. एएमडी १९६९ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियात सुरू झाली, इंटेलच्या एक वर्ष मागून. आज दोन्ही कंपन्यांची मुख्य कार्यालयं एकाच गावात आहेत, सांता क्लारा. चीनचा संशय बहुधा तैवानवरून आला असावा, कारण एएमडीच्या प्रमुख लिसा सू यांचा जन्म तैवानचा आणि एएमडीच्या चिप तैवानच्या टीएसएमसीकडून बनून येतात. (तैवान आणि चीन एकच, असं तैवानी माणसाला सांगून बघा.) आणि २०२४ मध्ये इंटेलने काढलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेतला मुख्य भाग कोण बनवतं? टीएसएमसीच. झालं.

‘नक्कल’ या शब्दात मात्र अर्धा दाणा खरा आहे, तो देऊन टाकतो. १९८१ मध्ये आयबीएमने आपल्या पीसीसाठी इंटेलची चिप निवडली, पण एकाच पुरवठादारावर विसंबायला ते तयार नव्हते. म्हणून १९८२ मध्ये इंटेलने एएमडीशी करार केला आणि एएमडी इंटेलच्याच आराखड्याच्या चिप बनवू लागली. पुढे इंटेलच्या ३८६ या चिपवरून दोघांत वर्षानुवर्षं कोर्टकज्जे झाले. म्हणजे सुरुवात नकलेने, पण ती करारातली नक्कल होती.

पुढची गोष्ट फॉरवर्डवाल्या इंजिनिअरला ठाऊक नसावी. प्रोसेसर एका दमात केवढी माहिती हाताळतो तो आकार ३२ बिटवरून ६४ बिटवर न्यायची वेळ आली तेव्हा इंटेलने इटॅनियम नावाचा वेगळाच रस्ता धरला, ज्यावर जुनी सॉफ्टवेअरं धड पळत नव्हती. एएमडीने जुन्या आराखड्यालाच ६४ बिटचा मजला चढवला आणि २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणि अ‍ॅथलॉन ६४ हे प्रोसेसर आणले. लोकांनी कुठला रस्ता पसंत केला ते २००४ मध्ये इंटेलने स्वतः एएमडीचीच पद्धत उचलली तेव्हा कळलं. माझ्यावर विश्वास ठेवू नका. घरी ६४ बिट विंडोजचा इंटेलवाला कॉम्प्युटर असेल तर कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडा, इंग्रजीत ‘सेट’ असं टाइप करून एंटर दाबा. लांबलचक यादी येईल. त्यात ‘प्रोसेसर आर्किटेक्चर’ची ओळ शोधा. तिथे लिहिलेलं असतं: एएमडी६४. इंटेलच्या मशीनवर! माझ्या ऑफिसातल्या इंटेलनिष्ठ सहकाऱ्याला हे दाखवलं तर त्याला आधी व्हायरस आलाय असंच वाटलं. उबुंटू हे लिनक्स उतरवायला जाल तर इंटेलवाल्यांच्याही फाइलच्या नावात एएमडी६४च असतं. आता कोण कुणाची नक्कल ते मावशीने ठरवावं.

‘तापतो’ ही अफवा काही आभाळातून पडलेली नाही. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटने एक व्हिडिओ काढला होता. चालू कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचा कूलर सरळ उचलायचा आणि बघायचं. पेंटियम ४ने आपला वेग कमी करून जीव वाचवला. एएमडीच्या अ‍ॅथलॉनमधून धूर निघाला. तो धूर आपल्याकडच्या दुकानदारांच्या डोक्यात अजून रेंगाळतोय. मग २०११ पासूनच्या एएमडीच्या एफएक्स मालिकेने त्यात तेल ओतलं. त्यातला एफएक्स ९५९० तर २२० वॉटचा होता, आणि जितके वॉट जास्त तितकी उष्णता जास्त. ते दिवस एएमडीचे वाईटच होते.

पण २०१७ मध्ये एएमडीचा रायझन आला आणि चित्र पालटलं. आज घरी जो घेतला जातो त्या रायझन ५ ५६००जीच्या डब्यावर ६५ वॉट असतं. इंटेलच्या आय-फाइव्ह १२४००चा मूळ आकडाही ६५. हे आकडे दोघेही आपापल्या सोयीने देतात हे खरं. जोर लावला की १२४०० हा ११७ वॉटपर्यंत जाऊ शकतो, ५६००जी ८८च्या आसपास थांबतो. आणि इंटेलचा आय-नाइन १४९००के? २५३. रायझन ७०००मधले काही प्रोसेसर कामाचा भार आला की ९५ अंशांवर जातात आणि कंपनी म्हणते ते तसेच बनवलेत. मलाही ते पहिल्यांदा वाचून पटलं नव्हतं. पण मर्यादा गाठली की आजचा कुठलाही प्रोसेसर वेग उतरवतो, फारच झालं तर मशीन बंद करतो. बोर्ड जाळत नाही. डोंबिवलीच्या मेमध्ये कॉम्प्युटर तापायचं मुख्य कारण मी स्वतः पाहिलंय: कॅबिनेट भिंतीला चिकटवलेलं आणि वर मावशीने हौसेने विणलेलं क्रोशाचं कव्हर. चालू असतानाही.

‘इंटेल कधीच बिघडत नाही’ या वाक्यावर तर इंटेलही सही करणार नाही. तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर मध्येच कोलमडू लागले, खेळ बंद पडू लागले, तेव्हा २०२४ मध्ये इंटेलनेच जाहीर केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. दुरुस्तीचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) ऑगस्टमध्ये बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, अपडेटमधून आला, पण ज्याला इजा झाली तो प्रोसेसर त्याने बरा होत नाही, बदलूनच घ्यावा लागतो. कंपनीने डबाबंद प्रोसेसरची वॉरंटी तीनावरून पाच वर्षांवर नेली. कधीच न बिघडणाऱ्या वस्तूची वॉरंटी कुणी वाढवत नाही. एएमडीही धुतल्या तांदळासारखी नाही. २०२३ मध्ये रायझन ७०००च्या एक्स३डी प्रकारातले काही प्रोसेसर बोर्डाने जास्त व्होल्टेज दिल्याने खरोखर जळले आणि बायोसमधून त्याला लगाम घालावा लागला. दोन्हीकडचा धडा तोच, बायोस अपडेट करा.

सॉफ्टवेअरचं कलम वाचून मावसभाऊ घाबरला होता. ऑटोकॅड, टॅली, पायथन, सगळं दोन्हीवर चालतं. ही भीतीसुद्धा जुन्या एका खऱ्या गोष्टीवरून आलेली आहे. अँड्रॉइड अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या एम्युलेटरला (कॉम्प्युटरवरच्या नकली फोनला) विंडोजवर वेग घ्यायला इंटेलचाच एचएएक्सएम हा प्रोग्राम लागायचा, एएमडीवाले रडायचे. २०१८ मध्ये गुगलने तो प्रश्न सोडवला आणि २०२३ मध्ये इंटेलने एचएएक्सएम बंदच केला. कुणीतरी सीनिअरने सांगितलं, त्याला त्याच्या सीनिअरने, असं ते हॉस्टेलमधून फिरत राहिलं.

मग बघायचं काय? आकडा आणि त्याच्या शेवटचं अक्षर. फॉरवर्डमध्ये याबद्दल अवाक्षर नाही, आणि माणूस फसतो तो नेमका इथे. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र आणणारा भाग, नसतं, वेगळं कार्ड घ्यावं लागतं. एएमडीच्या साध्या ५६००मध्येही नसतं, ‘जी’ लावलेल्या ५६००जीमध्ये असतं. इंटेलचा ‘के’ असेल तर डब्यात पंखा येत नाही. मी स्वतः एकदा चार पैसे वाचवायला ‘एफ’ आणला होता. सगळं जोडलं, पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीनवर ‘नो सिग्नल’. दोन तास एचडीएमआय केबल बदलत बसलो. शेवटी शेजारच्या अकरावीतल्या मुलाने डब्याकडे बघून सांगितलं.

शनिवारी दुपारी काकांचा दुकानातून फोन. मागे गर्दीचा आवाज.

‘आय-फाइव्ह आहे, १२४००. बाराव्या पिढीचा, मी विचारलं. आणि थोडा कमीही करतोय.’

‘आकड्याच्या शेवटी काही अक्षर आहे का बघा.’

चष्मा शोधायला वेळ गेला. ‘आहे. एफ.’

‘मग तो डबा परत द्या काका. एफ नसलेला असेल तर ठीक, नाहीतर रायझनचा ५६००जी दाखवा म्हणावं.’

फोन मावशीने ओढून घेतला. ‘अरे, पण तो तापतो ना?’