काच भट्टीत जन्मते, म्हणून ती गॅसवर चालते?

गेल्या महिन्यात आमच्या आत्याने आदल्या रात्रीची आमटी फ्रिजमधून काढली आणि ती ज्या पसरट काचेच्या भांड्यात होती, ते भांडे तसेच गॅसवर ठेवले. आच मंदच होती. कोथिंबीर घ्यायला ती मागे वळली आणि भांडे फुटले. आमटी बर्नरच्या भोकांत गेली, काचा ओट्यापासून थेट दारापर्यंत उडाल्या, आणि आत्याच्या पोटरीवर एका ओरखड्यापलीकडे काही झाले नाही ते केवळ तिची पाठ तिकडे होती म्हणून. "आत्या, असं का केलंस?" असे विचारल्यावर तिने निमूटपणे फोन पुढे केला. माहेरच्या माणसांच्या ग्रुपवर आलेला, हात जोडलेल्या चित्रांनी नटलेला तो मजकूर होता : 'काचेची ५ सत्ये, जी कंपन्या तुम्हाला कधीच सांगणार नाहीत'.

ती पाच सत्ये थोडक्यात अशी. एक, काच हा घन पदार्थ नसून संथ वाहणारा द्रव आहे आणि म्हणूनच युरोपातील जुन्या चर्चच्या खिडक्या खालून जाड झालेल्या दिसतात. दोन, सगळी काच वाळूचीच असते आणि 'बोरोसिलिकेट' हे केवळ किंमत वाढवण्यासाठी काढलेले नाव आहे. तीन, काच १५०० अंशांच्या भट्टीत तयार होते, त्यामुळे घरच्या गॅसने तिचे काही बिघडत नाही, शाळेत आपण चंचुपात्र दिव्यावर ठेवतच होतो आणि आता तर शेगडीही काचेचीच येते. चार, टफन्ड काचेची दारे आपोआप फुटतात आणि कंपन्या हे दडवतात. पाच, प्रत्येक पांढऱ्या कपात जनावरांची हाडे असतात.

क्रमाने उत्तर देण्याइतका संयम माझ्याकडे उरलेला नाही. ज्याने घरात काचा उडाल्या, त्या तिसऱ्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो.

भट्टीचे तापमान खरे आहे, आणि तेवढेच खरे आहे. बाटल्या-खिडक्यांची साधी काच, म्हणजे वाळू, सोडा आणि चुना यांची सोडा-लाइम काच, सुमारे १५०० अंशांच्या आसपास वितळवली जाते. पण 'इतक्या तापमानाला जी वितळते, तिला कमी तापमानाची भीती नाही' हा तर्कच मुळात उलटा आहे, कारण काचेला घातक असते ते तापमान नव्हे, तर एकाच भांड्याच्या दोन भागांतील तापमानाचा फरक. कारखान्यात घडवलेली काच लगेच बाहेर काढत नाहीत. ती लांबच लांब भट्टीतून सावकाश पुढे सरकत, सर्व बाजूंनी सारखी निवत बाहेर येते. या क्रियेला अ‍ॅनीलिंग म्हणतात आणि ती चुकली तर भांडे कपाटात ठेवल्या ठेवल्या तडकू शकते. म्हणजे ज्या भट्टीचा दाखला हा मजकूर देतो, त्या भट्टीशेजारचा कारागीरच काचेला एका बाजूने तापवण्याची सर्वात जास्त धास्ती घेत असतो.

गॅसवर नेमके काय होते ते पाहू. काच उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. अ‍ॅल्युमिनियम तिच्या सुमारे २०० पट चांगले वाहक आहे. पातेल्याच्या बुडाला लागलेली आच क्षणात कडेपर्यंत पसरते, काचेच्या बुडाला लागलेली आच जिथल्या तिथे राहते. त्यामुळे ज्वालेवरचा भाग तापून फुगू पाहतो, फ्रिजमधून आलेली थंड कड त्याला फुगू देत नाही, आणि कडेवर ताण येतो. धातू अशा वेळी किंचित वाकून सुटका करून घेतो. काचेला ती सोय नाही. घासणीने पडलेला, डोळ्यांना न दिसणारा एखादा चरा त्या ताणाखाली उघडत जातो आणि पुढचे काम सेकंदाच्या लहानशा अंशात उरकते. आमटीने बुड थंड राहील असे मानू नये. दाट आमटी तळाशी करपते ती का, हे आत्यालाच अधिक ठाऊक आहे.

ओट्याखालून मी काचा गोळा केल्या तेव्हा त्या लांब, धारदार पात्यांसारख्या नव्हत्या. बहुतेक तुकडे खडीसाखरेसारखे, ठोकळेवजा होते. त्यावरून ते भांडे टफन्ड सोडा-लाइम काचेचे होते असे म्हणता येते. अशी काच ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम गार करतात. पृष्ठभाग आधी आवळतो, आतला गाभा नंतर, आणि त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली, तर गाभा ताणाखाली राहतो. हा दाब किरकोळ धक्के पचवतो. पण एकदा तडा गाभ्यापर्यंत पोचला की कोंडलेली सगळी ऊर्जा एका वेळी सुटते आणि भांडे एका जागी तडकण्याऐवजी सगळेच उधळते.

आता शाळेच्या चंचुपात्राविषयी. त्या मजकुराच्या लेखकाने शाळेत प्रयोग केले असतील तर त्याला तिवई आणि तिच्यावरची तारेची जाळी आठवायला हवी होती. ज्योत जाळीला लागत असे, काचेला नव्हे. जाळीच्या मधला पांढरा थर उष्णता पसरवत असे. शिवाय चंचुपात्र बाहेरून ओले असेल तर आमचे विज्ञानाचे सर ते आधी पुसायला लावत. ते पात्र बोरोसिलिकेटचे, म्हणजे तापल्यावर कमी फुगणाऱ्या, आणि पातळ काचेचे होते. तुमच्या बेकिंगच्या भांड्याची जाडी त्याच्या काही पट असते. आणि काचेच्या शेगडीचा युक्तिवाद तर हसावे की रडावे अशा प्रतीचा आहे. गॅसच्या शेगडीवरची काच हा वरचा पत्रा आहे. बर्नर तिच्यातून वर काढलेले असतात आणि ज्वाला वर जाते. भिंतीवर फरशी बसवली म्हणून कोणी फरशीवर पोळ्या भाजत नाही.

इथे एक अर्धसत्य मात्र मान्य करावे लागते, नाइलाजाने. थेट आचेवर चालणारी काचेची भांडी जगात झाली आहेत. अमेरिकेतील कॉर्निंग या काच कंपनीने १९३६ पासून पायरेक्स या आपल्या ओव्हनच्या भांड्यांच्या नावाखालीच शेगडीवर चालणारी भांडी विकली, पण त्यांची काच वेगळी, अ‍ॅल्युमिनोसिलिकेट होती. पुढे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच कंपनीतील डोनाल्ड स्टुकी यांची एक भट्टी बिघडली आणि ६०० अंशांना तापवायचा काचेचा तुकडा ९०० अंशांपर्यंत गेला. तुकडा वितळून भट्टी खराब झाली असेल या समजुतीने त्यांनी दार उघडले, तर तो आकार न सोडता दुधासारखा पांढरा झालेला होता. चिमट्यातून सुटून तो फरशीवर पडला आणि धातूसारखा खणखणला, फुटला नाही. काचेच्या आत असंख्य सूक्ष्म स्फटिक तयार झाले होते. हीच ग्लास-सिरॅमिक, १९५८ मध्ये तिची भांडी बाजारात आली आणि इंडक्शन शेगडीचा काळा पृष्ठभागही त्याच कुळातला आहे. तिच्या काही प्रकारांतले स्फटिक तापल्यावर फुगण्याऐवजी किंचित आक्रसतात, त्यामुळे एकूण प्रसरण जवळपास शून्यावर येते. पण या मालाला 'काच' म्हणून आत्याच्या भांड्याच्या पंक्तीत बसवायचे असेल, तर कोळसा आणि हिरा दोन्ही शेगडीत घालायला हरकत नसावी.

यातूनच दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर निघते. वाळू सगळीकडे असते, हे खरे. मैदा शंकरपाळ्यांतही असतो आणि पावातही. सोडा-लाइम काचेत वाळूबरोबर सोडा आणि चुना असतो. बोरोसिलिकेटमध्ये सुमारे ८० टक्के सिलिका आणि १२-१३ टक्के बोरॉन ऑक्साइड असते, म्हणजे आपल्या ओळखीच्या टाकणखारात जे बोरॉन आहे तेच. फरक किती पडतो? साध्या काचेची १ मीटर लांबीची कांडी १०० अंशांनी तापवली तर सुमारे ०.९ मिलिमीटर वाढते, बोरोसिलिकेटची ०.३३ मिलिमीटर. ताण त्या प्रमाणात कमी. जर्मनीतील येना येथे ओटो शॉट यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस ही काच विकसित केली. पुढे अमेरिकेतील रेल्वेला तशाच गुणाच्या काचेची निकड भासली, कारण सिग्नलच्या तापलेल्या कंदिलांच्या काचा पावसाने किंवा बर्फाने तडकत. हे आपल्याकडच्या जुन्या पिढीला समजावून सांगावे लागू नये. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांनी ओसरीवर टांगला आहे, त्यांना पावसाचा एक थेंब पेटत्या कंदिलाच्या काचेचे काय करतो ते ठाऊक आहे, आत्याही त्यांतलीच.

कॉर्निंगने रेल्वेसाठी कमी प्रसरणाची काच केली. तिथल्या जेसी लिटलटन या शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये तशा काचेच्या बॅटरीच्या बरणीचे बूड कापून घरी आणले, त्यात त्याची पत्नी बेसी लिटलटन यांनी केक भाजला आणि १९१५ मध्ये पायरेक्सची भांडी विक्रीला आली. स्वयंपाकघरातली ही काच पहिल्यापासून ओव्हनसाठी होती, जिथे उष्णता सर्व बाजूंनी येते, ज्वालेसाठी नव्हे. नावावर विसंबू नये एवढा भाग या मुद्द्यात बरोबर आहे, कारण अमेरिकेत आज पायरेक्स नावाने मिळणारी भांडी टफन्ड सोडा-लाइम काचेची असतात. पण म्हणून बोरोसिलिकेट ही थाप ठरत नाही. उलट भांड्याखालचा मजकूर अधिक नीट वाचावा लागतो.

पहिला मुद्दा निरुपद्रवी आहे, तरी इतक्या वेळा आणि इतक्या शिकलेल्या माणसांकडून ऐकला आहे की सोडवत नाही. काचेतील अणूंची रचना स्फटिकासारखी शिस्तीची नसून द्रवासारखी विस्कळीत असते, हे बरोबर. ती वाहते, हे चूक. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील मध्ययुगीन काचेच्या घटकांप्रमाणे काच बनवून संशोधकांनी तिची श्यानता, म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध, अभ्यासली आणि निष्कर्ष २०१८ मध्ये अमेरिकन सिरॅमिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले. पूर्वीच्या हिशेबांपेक्षा ही काच कितीतरी अधिक प्रवाही निघाली, आणि तरीही १०० कोटी वर्षांत तिचा प्रवाह फार तर १ नॅनोमीटर भरेल असे त्यांना आढळले. चर्च उभे राहून सुमारे आठशे वर्षे झाली आहेत. अभ्यास करणाऱ्यांत कॉर्निंगशी संबंधित संशोधकही होते, तेव्हा कंपन्या काय सांगतात आणि काय दडवतात याची नोंद मजकूरकर्त्याने घ्यावी. मग खिडक्या खालून जाड का? कारण त्या काळी फुंकलेला गोळा सळईवर गरगर फिरवून ताटासारखी चकती करीत. ती मध्याकडे जाड आणि कडेला पातळ असे. तिचे तुकडे कापून बसवताना जड बाजू बहुधा खाली ठेवीत, आणि कधी वर किंवा आडवीही. सारख्या जाडीची स्वस्त काच येण्यासाठी वितळलेल्या कथलावर काच तरंगवण्याची पिल्किंग्टन यांची रीत यावी लागली. ती जाहीर झाली १९५९ मध्ये.

चौथ्यात तथ्य आहे. टफन्ड काचेत निकेल सल्फाइडचा अतिसूक्ष्म कण राहिला, तर तो महिन्यांनी किंवा वर्षांनी आपले स्फटिकरूप बदलतो, २ ते ४ टक्के फुगतो आणि नेमका ताणाखालच्या गाभ्यात असेल तर दार कोणी हात न लावता फुटते. दडवण्यासारखे त्यात काही नाही. अशा काचा मुद्दाम काही तास २५० अंशांच्या वर ठेवून सदोष काचा कारखान्यातच फोडण्याची चाचणी आहे आणि तिचे युरोपीय मानकही आहे. आपण मात्र चाचणी झाली का हे न विचारता बाथरूमचे दार बसवतो, आणि पुष्कळदा दार फुटते ते कड टवकल्यामुळे किंवा बिजागरी वाजवीपेक्षा आवळल्यामुळे.

राहिला पाचवा. बोन चायनात हाडांची राख असते आणि ती थोडीथोडकी नसते. पारंपरिक मिश्रणात ती जवळपास निम्मी असते. इंग्लंडमध्ये १८ व्या शतकाच्या अखेरीस जोसाया स्पोड यांनी ही रीत पक्की केली. पण 'प्रत्येक पांढरा कप' हे धादांत खोटे आहे. साधे पोर्सेलीन केओलीन माती, फेल्डस्पार आणि गारगोटी यांचे असते, आणि रोजच्या वापरातल्या पुष्कळशा जाड कपांत हाडांचा संबंध नसतो. बोन चायना प्रकाशाला पारदर्शकसे असते, तेव्हा कपाआड धरलेली बोटे मुळीच दिसत नसतील तर ते बोन चायना नव्हे; दिसली तर पोर्सेलीनही असू शकते, म्हणून बुडाखालचा शिक्का पाहावा.

हे सांगितल्यावर आत्याने फळीवरचे सगळे कप खिडकीशी नेऊन एकेक उन्हात धरला. चहाचे रोजचे आठही कप निर्दोष सुटले. लग्नात आहेर आलेल्या सोनेरी काठाच्या सहा कपांतून मात्र बोटे स्वच्छ दिसली आणि बुडाखाली 'बोन चायना' असा शिक्काही निघाला. ते तिने धुऊन, पुसून पाहुण्यांसाठी वेगळे ठेवले आहेत. कोणत्या पाहुण्यांसाठी, ते मी विचारलेले नाही.