बी विंगमधले अदृश्य भाडेकरू

पुण्यात शून्य चौरस फुटाची का होईना, जागा कोणी फुकट देईल यावर माझा विश्वास नव्हता. संगणकातल्या प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या युनिकोडने दिली आहे. 'झीरो विड्थ स्पेस' नावाचं एक अक्षर आहे: रुंदी शून्य, दिसायला काहीच नाही, नंबर २००बी. शेजारी २००सी आणि २००डी. एकाच मजल्यावर बी, सी, डी अशा तीन विंगा, आणि एकाही दारावर पाटी नाही. पुण्यात!

ही मंडळी कॉपी-पेस्टच्या गाडीत बसून कुठूनही येतात. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या यादीतही घुसली. 'गोडबोले' शोधलं, तर उत्तर आलं: सापडले नाही. गोडबोलेकाका माझ्या शेजारीच खुर्ची ओढून बसलेले. "अरे, नाव ढळढळीत दिसतंय, माणूस समोर बसलाय, आणि तुझं यंत्र नाही म्हणतंय?"

चोर पकडायची माझी पद्धत गावठी आहे. बाणाचं बटण एकेकदा दाबत नावावरून सरकायचं. बटण दाबूनही कर्सर जिथे जागचा हलत नाही, तिथे कोणीतरी राहतंय. कर्सर अडला तो 'गोड' आणि 'बोले' यांच्या मधोमध. काकू सोबत आल्या होत्या. "तरीच," एवढंच म्हणाल्या.

पण असं एकेक नाव तपासत बसलं तर विसर्जन उरकेल. जादा स्पेस छाटणाऱ्या एक्सेलच्या 'ट्रिम'चा इथे उपयोग नाही. तो फक्त साध्या स्पेसपुढे शूर. म्हणून यादी नोटपॅड प्लस प्लसमध्ये घेतली. तिथे 'रेग्युलर एक्स्प्रेशन'वर खूण करून नंबराने शोधता येतं, आणि बदलीची चौकट रिकामी ठेवली की सगळे एकदम हद्दपार. मी बी विंगचा नंबर टाकतोय तोवर काकांच्या इंजिनिअरिंगवाल्या नातवाने माऊस घेतलाच. "एकच कशाला? तिन्ही विंगा साफ करू की!"

केल्या. आता डी विंगमध्ये राहतो 'झीरो विड्थ जॉइनर', आणि तो मराठीचा जुना, सज्जन भाडेकरू. 'दुसऱ्या'मधला आडवा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. कुठे त्यासाठीचं वेगळं अक्षर असतं, तर कुठे साध्याच र चा पाय मोडून पुढे हा जॉइनर उभा केलेला असतो. तो हटला की र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, रफार होऊन. आमच्या यादीत दोन्ही तऱ्हा होत्या, त्यामुळे निम्मे 'दुसऱ्या मजल्या'वर सुखरूप आणि निम्मे 'दुसर्या'वर. खाली खर्चात महाप्रसादाच्या 'आचाऱ्यांचे मानधन' होतं, त्याचं झालं 'आचार्यांचे मानधन'.

"प्रवचन कुणाचं ठेवलंय?" काकूंनी लगेच विचारलं.

कंट्रोल-झेड. नातवाला चहा आणायला पाठवलं आणि फक्त बी विंग रिकामी केली. 'गोडबोले' पहिल्या फटक्यात सापडले. त्यांच्यापुढचा वर्गणीचा रकाना कोरा होता.

काका चष्मा कपाळावर सारून पडद्याकडे वाकले. "तिथेही काहीतरी असणार बघ. दिसत नाहीये, एवढंच."