बिल प्रोसेसमध्ये आहे, सर!

हे वाक्य ऐकलं की हल्ली माझं डोकंच फिरतं.

पुण्यात बाणेरला आमची छोटीशी सॉफ्टवेअर कंपनी. पोरं रात्री जागून काम वेळेत देतात. गिऱ्हाईक मोठी नामांकित कंपनी, काम सुरू करायची घाई त्यांनाच. पैसे द्यायची वेळ आली की मात्र आधी पीओ (म्हणजे त्यांच्याच ऑर्डरचा) नंबर जुळत नाही, मग त्यांच्याकडचा आमचा व्हेंडर कोड अडकतो, मग सही करणारे साहेब रजेवर जातात.

जीएसटी मात्र थांबत नाही. बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत १८ टक्के भरायचेच, मग गिऱ्हाइकाने दमडी दिलेली नसो. हाती न आलेल्या पैशांवरचा कर आम्ही पदरचा भरायचा! आणि पोरांचे पगार? त्यांचे घरमालक भाडं 'प्रोसेसमध्ये' ठेवून घेत नाहीत.

कायदा आहे हो! छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यात स्पष्ट लिहिलंय, करार काहीही असो, ४५ दिवसांच्या आत पैसे द्या. नाहीतर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. सरकारच्या पोर्टलवर तक्रारही करता येते. पण तक्रार केली की पुढचं काम गेलंच, हे या मोठ्या कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे. त्याच जोरावर चाललंय सगळं. फंडिंगच्या बातम्या सगळे वाचतात, पण आमच्यासारख्यांचा जीव जातो तो असल्या थकलेल्या बिलांपायी.

आम्हाला कुणाची मेहरबानी नकोय. काम घेतलंत ना? मग पैसे टाका, वेळेवर!