नेरळचं इंजिन पुन्हा पेटवायचं का?

आमच्या शाळेच्या ग्रुपवर दर हिवाळ्यात एक वाद हटकून निघतो. कुणीतरी नेरळच्या वाफेच्या इंजिनासोबतचा सेल्फी टाकतं, खाली दुसरा लिहितो, "हे पुन्हा चालू केलं पाहिजे राव," आणि मग अंगठ्यांची रांग लागते. यंदा मी अंगठा दिला नाही, तर दोघांनी फोन करून विचारलं, बरा आहेस ना? बरा आहे. पण माझं उत्तर अंगठ्यात मावत नाही, म्हणून इथे लिहितोय.

नेरळहून डोंगरावर चढणारी माथेरानची रेल्वे 1907 ची. आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची जिद्द. तीन वर्षं काम चाललं, सोळा लाख रुपये लागले. रूळ दोन फुटी, चढ वीसास एक, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. त्यासाठी ओरेनस्टाइन अँड कोप्पेल या जर्मन कंपनीची चार इंजिनं आली, क्रमांक 738 ते 741. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ती थंड झाली. आज एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, 740 थेट इंग्लंडात लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेकडे गेलं. राहिलेल्या दोघांपैकी एक माथेरानला, एक नेरळला.

माझे मामा नेरळच्या शेडमध्ये फिटर होते. अंगाने किडकिडीत, त्यामुळे इंजिन निवल्यावर भट्टीच्या तोंडातून खांद्यापर्यंत आत शिरायचं काम हमखास त्यांच्या वाट्याला. भट्टीचा पत्रा आणि बॉयलरचा बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये पाणी असतं, आणि दोन्ही पत्रे एकमेकांना धरून ठेवायला मध्ये शेकडो छोटे दांडे, म्हणजे स्टे, ठोकलेले असतात. यातला एखादा तुटला तरी बाहेरून दिसत नाही. म्हणून हातोडीने एकेकावर टिचकी मारायची आणि ऐकायचं. मामांनी मला हे इंजिनावर नाही, बाजारात माठ घेताना शिकवलं. कुंभारणीसमोर ओळीने दहा-बारा माठ वाजवायचे आणि म्हणायचे, "टण् आला तर पुढं चल. बद्द आला तर खडूनं फुली मार." कुंभारीण म्हणायची, "अवो फिटरसाहेब, खडू घरी ठेवून येत जा."

हसण्यावारी नेऊ नका, कारण वाद तिथेच अडतो. थंड इंजिनाचा रंग आपल्याला दिसतो, बॉयलरचा पत्रा आतून किती झिजलाय हे दिसत नाही. चाळीस वर्षं निव्वळ उभ्या असलेल्या बॉयलरवर कोकणातले चाळीस पावसाळे गेलेत. बाहेरून लावलेल्या ऑइलपेंटला आतल्या गंजाचं काय पडलंय? तेव्हा पहिलं काम म्हणजे वरचं आवरण काढा, नळ्या उपसा, पत्र्याची जाडी ठिकठिकाणी मोजा. मग बॉयलर पाण्याने गच्च भरून नेहमीच्या कामापेक्षा जास्त दाब द्या. वाफ न वापरता पाणी का, तर पाणी दाबलं जात नाही. कुठे फाटलंच तर चिळकांडी उडते आणि दाब तिथल्या तिथे उतरतो. वाफ असती तर शेडचं छप्पर शोधायला जुम्मापट्टीला, म्हणजे घाटातल्या पहिल्या स्टेशनला, जावं लागेल.

आता समजा, पत्रा पातळ निघाला. मग नवा बॉयलर. आणि इथे ग्रुपवरचा आमचा इतिहासाचा मास्तर ओरडतो, "मग जुनं काय उरलं?" त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. या इंजिनांचं खरं कौतुक बॉयलरमध्ये नाहीच, ते खाली आहे. सहा चाकांच्या इंजिनाला इतक्या तीव्र वळणांवर वळता येत नाही, म्हणून पुढच्या आणि मागच्या आसाला क्लीन-लिंडनर नावाची युक्ती केलेली आहे. बाहेरचा आस पोकळ, त्याच्या आत दुसरा आस, मध्यभागी गोळ्यासारखा सांधा. त्यामुळे आतला आस सरळ फिरत असतानाच बाहेरचा चाकांसकट थोडा तिरपा होतो, थोडा बाजूला सरकतो. शंभर वर्षांपूर्वीची ही घडण पुन्हा घाटात राबवली तर झिजणार, झिजली की बदलावी लागणार. मास्तरचा मुद्दा खरा आहे.

पण जोडीतलं एक इंजिन शिल्लक आहे ना! माथेरानच्या इंजिनाला बिलकुल हात लावू नका. त्याला नीट छप्पर द्या, कोरडं ठेवा, मूळ धातू जसा आहे तसा राहू दे. आणि नेरळचं उघडा, जमलं तर पेटवा, पण नेरळ ते जुम्मापट्टी एवढंच चालवा. दोन्ही शोभेची ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही, आणि दोन्ही पेटवणं तर निव्वळ उधळपट्टी.

देशात हे होत नाही असंही नाही. फेअरी क्वीन हे 1855 सालचं वाफेचं इंजिन. ती 1909 मध्ये निवृत्त झाली आणि 1997 मध्ये पुन्हा रुळावर धावली. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात निलगिरीच्या गाडीसाठी या शतकातही वाफेची कोरी इंजिनं बांधली गेली. म्हणजे बॉयलर बनवणारे हात आहेत. ते आपल्या नेरळला नाहीत, एवढंच. दार्जिलिंगचं 794 नंबरचं इंजिन मोठ्या हौसेने इथे आणलं होतं. नियमित सेवेत ते काही रुळलं नाही. पाहुणं इंजिन आणता येतं, त्याला रोज पहाटे उठून पेटवणारा, राख उपसणारा, टण् आणि बद्द ओळखणारा माणूस मालगाडीत घालून आणता येत नाही. डिझेलला वाफेच्या इंजिनाचा साज चढवण्याचेही प्रयोग झाले. लहान मुलं खूश होतात. माझी काही तक्रार नाही, पण नवरदेवाच्या जागी त्याचा फेटा बसवल्यासारखं वाटतं.

म्हणून माझी अट एकच आहे. आधी माणसं. कर्जत-नेरळ पट्ट्यातली आयटीआय झालेली चार पोरं निवडा. दोघांना दार्जिलिंगच्या गाडीच्या तिंधारियाच्या कारखान्यात पाठवा, दोघांना निलगिरीच्या गाडीच्या कुन्नूरला, आणि दोन वर्षं तिथल्या शेडमध्ये काळी होऊन येऊ द्या. ती परत आली की इंजिनाचा पहिला नट सोडवा. पोरं मिळत नसतील, किंवा त्यांना पुढे कायमची नोकरी द्यायची तयारी नसेल, तर इंजिनही आहे तिथेच बरं. उद्घाटनाच्या दिवशी शिट्टी मारून दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा थंड पडलेलं इंजिन बघण्याची मला हौस नाही.

पैशाचं म्हणाल तर रुळांचा हक्क पहिला. 2005 च्या पुराने ही लाइन इतकी उखडली की गाडी परत यायला 2007 उजाडलं. 2016 मध्ये डबे घसरले म्हणून बंद. 2019 च्या पावसात पुन्हा वाहून गेली, ती ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. दरडी, मोऱ्या, संरक्षक भिंती यांच्यातून पैसे काढून इंजिनाला देणार असाल तर मी विरोधात, मामा गेले असले तरी तेही विरोधातच असते.

"मग सगळं जमलं तर वर माथेरानपर्यंत का नको, जुम्मापट्टीपर्यंतच का?" असं कालच एकाने विचारलं. कारण शंभरीपार इंजिनाला पुढचा सगळा घाट रोज चढायला लावायचं काही अडलेलं नाही, त्यासाठी डिझेल आहे. जुम्मापट्टीला दुसऱ्या गाडीला वाट देता येते, आणि बिघाड झालाच तर मदत खालून लवकर पोचते. तेही फक्त दिवाळी ते जानेवारी. फेब्रुवारीनंतर डोंगरावरचं गवत वाळून कडकडीत होतं, तेव्हा कोळशाची एक ठिणगी पुरते. वॉटर पाइप स्टेशनवर इंजिन पाणी पीत उभं असलेलं बघायला मलाही आवडेल, त्या स्टेशनचं नावच त्यावरून पडलंय. पण आपण आधी जुम्मापट्टी गाठू.