गणपतीसाठी एक माप, सुनेसाठी दुसरं

सप्टेंबर २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात कोकराच्या मांसाची एक जाहिरात आली. 'मीट अँड लाइव्हस्टॉक ऑस्ट्रेलिया' ही इथल्या मांस उद्योगाची संस्था, आणि खप वाढावा म्हणून गाजतील अशा जाहिराती करण्याची तिला सवयच आहे. या वेळी एका टेबलाभोवती येशू, बुद्ध, मोझेस, ग्रीक देवदेवता, सायंटॉलॉजी या पंथाचे संस्थापक रॉन हबर्ड आणि आपला गणपती अशी मंडळी जेवायला बसवली होती. सगळ्या धर्मांना चालेल असं मांस म्हणजे कोकराचं, तेव्हा सगळ्यांनी एकत्र बसावं, असा करणाऱ्यांचा हेतू. गणपतीच्या हत्तीमुखावरून एक कोटीही त्यात होती. प्रेषित मोहंमद तेवढे टेबलावर नव्हते. आपल्याला येता येणार नाही, असा त्यांचा फोन येतो.

अनंत चतुर्दशीचा सुमार होता. मेलबर्नमधले आम्ही मराठी लोक विसर्जनाच्या गडबडीत असताना ही चित्रफीत फोनाफोनांवर फिरली. मांसाहार करणाऱ्या बहुतेक मराठी घरांतही गणपती बसलेला असताना मटण शिजत नाही. कोकणात काही घरी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, पण तेव्हाही गणपतीसमोर पडदा धरतात. ज्याच्या मनात हा पडदा लहानपणापासून आहे त्याला त्या टेबलावर सर्वधर्मसमभाव दिसणं अवघडच होतं. जाहिरात करणाऱ्यानं एक अर्थ भरून पाठवला आणि पाहणाऱ्यानं आपल्या पंचांगानुसार दुसराच काढला. त्यात पाहणाऱ्याचा काही दोष नाही. चित्राचा अर्थ पाहणाऱ्याच्या घरातच पुरा होतो, आणि प्रत्येक घर वेगळं असतं.

माझ्या ऑफिसातल्या चांगल्या, मोकळ्या मनाच्या लोकांना हे समजावून सांगणं जड गेलं. येशूचीही थट्टा आहे की त्यात, असं ते म्हणायचे. पण येशूची थट्टा करणारा समाज येशूबरोबरच वाढलेला आहे. इथे हिंदू २०१६ च्या जनगणनेत दोन टक्क्यांहूनही कमी होते. या देशातल्या बहुतेक लोकांना गणपती पहिल्यांदा दिसणार तो असा, मांसाच्या ताटासमोर बसलेला, स्वतःवरची कोटी ऐकून घेणारा. आणि मोहंमदांना दाखवायचं नाही एवढी काळजी करणाऱ्यांना सुचली होती, याचा अर्थ काळजी कशी घ्यायची हे त्यांना ठाऊक होतं. मला सर्वांत जास्त लागलं ते हे.

तक्रारी गेल्या. कॅनबेरातल्या भारतीय उच्चायुक्तालयानं ऑस्ट्रेलियन सरकारच्या खात्यांकडे हरकत नोंदवली. जाहिरातींवरच्या तक्रारी पाहणाऱ्या मंडळानं आधी जाहिरातीच्या बाजूनं कौल दिला. त्यानंतर स्वतंत्र फेरतपासणीची मागणी झाली, आणि नोव्हेंबरात त्याच मंडळानं आपला निर्णय फिरवला: गणपतीचं हे चित्रण धर्मावरून भेदभाव करणारं आहे आणि आचारसंहितेतल्या त्या कलमाचा भंग करतं. कारणं लेखी दिली. पहिला निर्णय चुकू शकतो आणि दुरुस्त होऊ शकतो, हेही सगळ्यांना दिसलं. हे सगळं होईपर्यंत दोनेक महिने गेले, म्हणजे जाहिरातीनं करायचं ते करून झालं होतं. तरीही त्या निकालानं इथल्या हिंदूंना जे मिळालं ते साधं नव्हतं. तुम्हाला का लागलं ते आम्ही वाचलं आणि आम्हाला पटलं, असं बहुसंख्यांच्या एका संस्थेनं कागदावर म्हटलं होतं.

आता मायदेशाकडे बघू. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कनं एक जाहिरात केली. मुसलमान घरात हिंदू सुनेचं डोहाळेजेवण आहे. तुमच्याकडे तर ही रीत नसते ना, असं सून विचारते, आणि लेकीला आनंदात ठेवण्याची रीत तर प्रत्येक घरी असते, असं सासू उत्तर देते. काही दिवसांत बहिष्काराची हाक उठली, जाहिरात मागे घेतली गेली, गुजरातेत गांधीधामच्या एका दुकानाच्या दारावर माफीनामा लागला. कंपनीच्या निवेदनात दुखावलेल्या भावनांबरोबरच कर्मचारी, भागीदार आणि दुकानांतल्या लोकांच्या हिताचा उल्लेख होता. दुकानातल्या माणसांची काळजी वाटून जाहिरात मागे घ्यावी लागते, तेव्हा मतभेदाची हद्द केव्हाच ओलांडलेली असते.

या प्रकरणातला एक भाग माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना माहीत नाही. जाहिरातींवरच्या तक्रारी पाहणारी अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्था आपल्याकडे १९८५ पासून आहे. या जाहिरातीविरुद्धची तक्रार तिच्याकडेही गेली होती. तिनं जाहिरात तपासली आणि त्यात आक्षेपार्ह काही नाही, आचारसंहितेचा भंग नाही, असं सांगितलं. म्हणजे ऑस्ट्रेलियात आम्हाला जी सोय मिळाली तशी भारतातही होती, आणि ती चाललीही. पण निर्णय आला तेव्हा जाहिरात आधीच उतरली होती, आणि तो वाचायला कोणी थांबलं नाही.

या दोन जाहिरातींत मला मोठा फरक दिसतो. ऑस्ट्रेलियातल्या चित्रात देव होता आणि त्याची जागा बदलली होती. तनिष्कच्या चित्रात देवाचा विषयच नव्हता. होती ती सासू-सून. २०१९ मधल्या सर्फ एक्सेलच्या होळीच्या जाहिरातीतही तसंच: एक मुलगी सगळे रंग स्वतःच्या अंगावर घेते, म्हणजे शेजारच्या मुसलमान मुलाला पांढऱ्या कपड्यांत नमाजाला पोचता येईल. रेड लेबल चहाच्या जाहिरातीत गणपती आहे खरा, पण मूर्ती घडवणारा मुसलमान त्याच्याविषयी इतकं जाणतो की गिऱ्हाईक ऐकत राहतं, आणि त्याच्या डोक्यावरची टोपी पाहून चपापतं. या तिन्हींत धर्माची विटंबना शोधूनही सापडत नाही. लोकांना खटकली ती माणसांची जवळीक, किंवा त्या जवळिकीचा धडा आपल्यालाच का दिला जातो, हा प्रश्न.

तो प्रश्न मी झटकून टाकणार नाही. दर वेळी सून हिंदूच का, संकोचणारा गिऱ्हाईक हिंदूच का, असं विचारणारे माझ्याच नात्यात आहेत, आणि ते द्वेष करणारे लोक नाहीत. साबण, चहा, दागिने विकणाऱ्यांनी सणासुदीला आपल्याला शिकवण द्यायला यावं याचा कंटाळा मलाही येतो. पण ही टीका प्रमाणाबद्दलची आहे. तिला उत्तर देता येतं, वाद घालता येतो, उलट बाजूची जाहिरात मागता येते. 'धर्माचा अपमान' या नावाखाली ती गेली की यातलं काहीच करता येत नाही, उरतं फक्त मागे घेणं.

देव आणि बाजार यांचं नातं आपल्याला नवं नाही. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत काम सुरू केलं आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. त्यांच्या मागोमाग कॅलेंडरं आली, खाली साबणाचं किंवा औषधाचं नाव छापलेली. मँचेस्टरच्या कापडाच्या ठाणांवरही आपल्या देवांची चित्रं चिकटवलेली असत. वर्ष सरल्यावरही लोकांनी ती कॅलेंडरं फाडली नाहीत, देव कापून चौकटीत बसवले. कोणाला अपमान वाटला नाही, कारण त्या चित्रात देव देवाच्याच जागी होता आणि माल त्याच्या पायाशी. गणपतीला मांसाच्या टेबलावर बसवणारी जाहिरात त्याला गिऱ्हाईक करते. स्पेनमध्ये २००९ साली बर्गर किंगनं मांसाच्या सँडविचवर लक्ष्मीला बसवलं आणि नंतर माफी मागितली, तिथेही हेच झालं होतं. पाहणारा आधी जागा पाहतो. हेतूचा विचार, केलाच तर, फार उशिरा करतो.

कायद्याचं नेमकं उलट आहे. महेंद्रसिंग धोनीला विष्णूच्या रूपात, हातात वेगवेगळ्या कंपन्यांचा माल देऊन, एका मासिकानं २०१३ साली मुखपृष्ठावर छापलं. त्या हातांपैकी एकात बूट होता. भाविकाचा डोळा तिथेच अडकणार, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. पण सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये धोनीवरचा खटला रद्द केला, कारण धर्माच्या अपमानाबद्दलच्या, दंड संहितेतल्या कलम २९५-अ ला बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूनं केलेला अपमान लागतो. आता ते भारतीय न्याय संहितेत कलम २९९ झालं आहे. हे बरोबरच आहे. एखाद्याला दुखणं खरं असू शकतं आणि तरीही समोरचा गुन्हेगार नसतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य करायला मात्र आपण तयार नसतो.

युरोपात याच्याही पुढे विचार झाला आहे. लिथुआनियात एका कपड्यांच्या कंपनीनं येशू आणि मेरीसारख्या दिसणाऱ्या मॉडेलना घेऊन जाहिराती केल्या, 'येशू, काय पँट आहे!' अशा ओळींसह. शंभरेक लोकांनी तक्रार केली, कंपनीला दोन हजार लितासचा दंड झाला. प्रकरण युरोपियन मानवी हक्क न्यायालयात गेलं आणि ३० जानेवारी २०१८ रोजी निकाल कंपनीच्या बाजूनं लागला. अधिकाऱ्यांनी दिलेली कारणं मोघम होती, त्यांनी मत विचारलं ते एकाच धर्मसंस्थेचं, आणि बहुसंख्यांना आवडलं नाही म्हणून कोणाचा बोलण्याचा हक्क जात नाही, असं न्यायालय म्हणालं. या निकालाशी मी पूर्ण सहमत आहे असं नाही. शंभर लोकांचं दुखणं त्यात जरा सहज बाजूला सरकलं असं मला वाटतं. पण सगळ्या समाजाच्या वतीनं दुखावलं कोण, हा त्यांनी विचारलेला प्रश्न आपल्याकडे कोणी विचारतच नाही.

माझा राग खरं तर आम्हा परदेशस्थांवर आहे. गणपतीच्या वेळी ज्यांनी इथे सह्या गोळा केल्या, बहुसंख्यांनी आम्हाला जरा समजून घ्यावं असं कळवळून लिहिलं, त्यांतल्याच काहींनी तीन वर्षांनी तनिष्कवर बहिष्काराचे संदेश पुढे ढकलले. इथे आम्ही थोडे आहोत म्हणून संयम, कारणं, फेरतपासणी हे सगळं हवं. तिथे आपण बहुसंख्य आहोत म्हणून त्यातलं काहीच नको. नाशिकचा माझा मावसभाऊ म्हणतो, ताई, तुला तिकडे बसून बोलायला काय जातं? परिणाम मला भोगावे लागत नाहीत, हे त्याचं खरं आहे. पण थोडे असणं म्हणजे काय, हे मला इथेच कळलं. आणि ते कळल्यावर त्या जाहिरातीतल्या सासूकडे मला पूर्वीसारखं पाहता येत नाही.

कौन्सिलकडे तक्रार करायला आजही पैसे पडत नाहीत, फोनवरून करता येते. कंपन्यांनी एवढंच ठरवावं की कौन्सिलचं उत्तर येईपर्यंत जाहिरात उतरवायची नाही, आणि दुकानातल्या माणसांना पोलिसांनी संरक्षण द्यावं. उद्या इथे पुन्हा कोणी गणपतीला मटणाच्या ताटासमोर बसवलं तर मी पुन्हा तक्रार लिहीन, कारणांसकट. डोहाळेजेवणाविरुद्धच्या निवेदनावर मात्र, मावसभावानं पाठवलं तरी, मी सही करणार नाही.